इसण न घातलेलं पाणी: हिवाळ्यातल्या खाजेचं एक प्रकरण

रुग्ण ६७ वर्षांचे, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणारे. उमेदीच्या काळात तालमीत घुमलेले, पुढे उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये लेथवर हयात घालवून निवृत्त झालेले. (ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत.) डिसेंबर निम्मा सरला होता. काकूंनी हट्ट धरला म्हणून काका दवाखान्यात आले होते. खाजेसाठी कोण डॉक्टरकडे जातं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तक्रार अशी: दोन्ही नडग्यांना खाज, थोडी कंबरेच्या वर पाठीला आणि दंडांना. दिवाळी झाली की सुरू होते, होळीच्या सुमाराला आपोआप थांबते. हा तिसरा हिवाळा, आणि या खेपेला रात्रीची झोपच उडाली होती.

"पाय नुसतं पेटल्यागत हुत्यात," काका म्हणाले. "खाजवलं की घटकाभर बरं वाटतंय, मग आग आग. पहाटं कडक पाणी पायावर पडलं की मगच जीवाला बरं वाटतंय बघा."

या शेवटच्या वाक्याभोवतीच हे सगळं प्रकरण फिरतं.

घरी करून झालेले उपाय

कट्ट्यावरच्या मित्राने सांगितलेली नायट्याची ट्यूब लावून झाली होती. आंघोळीच्या बादलीत टोपणभर जंतुनाशक औषध पडू लागलं होतं. साबण बदलून जंतू मारणारा आणला होता. तरीही खाज थांबेना, म्हणून संध्याकाळी फिरून आल्यावर दुसरी आंघोळ सुरू झाली होती. या सगळ्यामागे समज एकच: खाज म्हणजे अंगावर काहीतरी घाण, ती धुतली की खाज जाईल. स्वच्छतेला जपणारा माणूस या वाटेने सगळ्यात लांब जातो. काकांना मी त्याबद्दल एक शब्दही लावला नाही, आणि अशा कुठल्याच रुग्णाला लावू नये असं मला मनापासून वाटतं. कारण ओरडा बसला की पुढच्या वेळी माणूस खरं सांगत नाही, आणि आंघोळीचं खरं कळल्याशिवाय हा आजार बरा होत नाही.

तपासणी

नडग्यांची कातडी पांढुरकी, खवले धरलेली. तिच्यावर आडव्या-उभ्या बारीक लालसर भेगांचं जाळं, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातला गाळ तडकतो तसं. मधूनमधून नखांचे ओरखडे, दोन ठिकाणी सुकलेलं रक्त. काखा, जांघा आणि चेहरा मात्र चांगले. त्वचारोगाच्या भाषेत याला एस्टिॲटोटिक एक्झिमा म्हणतात, म्हणजे कोरडेपणातून होणारा इसब. तो बहुतेक वेळा नडगीवरच सुरू होतो, कारण पायाच्या त्या भागात तेल पाझरणाऱ्या ग्रंथी मुळातच कमी असतात. वयाबरोबर त्यांचं तेल आणखी घटतं.

तरी रात्रीची खाज म्हटल्यावर काही गोष्टी आधी बाजूला काढाव्याच लागतात. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कंबरेला, जननेंद्रियांवर पुळ्या दिसतात, आणि बहुतेक वेळा घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. इथे तसं काही नव्हतं. नायटा असता तर कडेला उठावदार लालसर गोल दिसला असता. तोही नव्हता, त्यामुळे ती ट्यूब बंद. आयुष्यभर लेथपुढे उभं राहिलेल्या माणसाच्या पायांच्या शिरा फुगलेल्या असू शकतात, त्यातूनही नडगीला इसब होतो. पण घोटे सुजलेले नव्हते, शिराही ठीक होत्या. रोज शेकोटीपाशी बसणाऱ्यांच्या नडग्यांवर तपकिरी जाळी उमटते. काका शेकत बसतात, म्हणून तेही नीट पाहिलं. ती जाळी रंगाची असते, भेगांची नसते.

रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती. अशा गोळ्यांनी काही जणांची त्वचा कोरडी पडते. पण ती बरीच वर्षं चालू होती आणि रक्तदाब आटोक्यात होता, म्हणून तिला हात लावला नाही. साखर, थायरॉइड, मूत्रपिंड आणि हिमोग्लोबिन तपासायला दिलं. उतारवयातल्या खाजेमागे कधी कधी हे आजार लपलेले असतात, आणि हिवाळ्यावर सगळं ढकललं की ते राहून जातात.

आंघोळीची चौकशी

जेवणाखाण्याची चौकशी आपण डॉक्टर मंडळी सहज करतो, आंघोळीची फारशी करत नाही. कोरड्या त्वचेच्या रुग्णाला मात्र पाणी तापवण्यापासून अंग पुसण्यापर्यंतची आंघोळ क्रमाने सांगायला लावावी. काकांनी सांगितलं ते असं.

पहाटे पाचला उठून परसातला तांब्याचा बंब स्वतः पेटवायचा. पाणी वाफाळलं की मोरीत बादली भरायची. इसण, म्हणजे वरून गार पाणी, किती घालता असं विचारलं तर म्हणाले, "इसण घाटलं तर ती आंघुळ कसली?" त्यांच्या मते तांब्याभर पुरे. मग मानेपासून पावलापर्यंत दोनदा साबण. पायांना वज्री, कारण पाय मळतात. शेवटी जाड टॉवेलने अंग लाल होईपर्यंत पुसायचं. नंतर तेल नाही, काही नाही. मग देवपूजा, मग चहा. संध्याकाळी हेच पुन्हा, फक्त गिझरच्या पाण्याने.

"मी सांगून दमलो, डॉक्टर," काकू म्हणाल्या. "एकदा अंगावर पाणी पडलं की ह्यांचं कान बंद हुत्यात."

तालमीच्या दिवसांत काय करायचात, असं सहज विचारलं आणि एक महत्त्वाची गोष्ट हाती लागली. आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद मिसळलेली असते. मेहनत झाली की तेलाची मालिश. त्या अंगाला घासून धुणं तेव्हा शोभत होतं, कारण धुण्यासारखं तेल अंगावर असायचं आणि खालची कातडी विशीतली होती. तालीम सुटली तसं तेल गेलं, माती गेली, घाम कमी झाला. घासणं तेवढं मागे राहिलं, आणि वयाच्या ६७व्या वर्षी ते कोरड्या नडग्यांवर चालू होतं.

पाणी किती गरम, याचा अंदाज बोलण्यातून येत नाही. "सोसवेल इतपत" म्हणजे प्रत्येकाचं वेगळं. त्यांचा मुलगा शिरोलीच्या एका फौंड्रीत आहे, त्याला म्हटलं, एखादं तापमापक मिळालं तर बादलीत बुडवून बघ. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: अंगावर घ्यायच्या आधी ४६ अंश सेल्सिअस. शरीराचं आतलं तापमान ३७च्या आसपास असतं. कोरड्या त्वचेसाठी पाणी त्याच्याच जवळपास हवं, फार तर अंशभर वर.

खाजेचा फेरा

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या चपट्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. आतलं पाणी बाहेर उडू न देण्याचं काम हे स्निग्ध पदार्थ करतात. गरम पाणी त्यांची घडी विस्कटतं आणि साबण त्यातला काही भाग घेऊन जातो. शिवाय निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५. वडीचा नेहमीचा साबण अल्कधर्मी, सामू ९ ते १०. तरुण त्वचा तो धक्का काही तासांत भरून काढते. म्हातारी त्वचा हळू भरून काढते, आणि दिवसातून दोनदा धुतली तर तिला तेवढी सवडच मिळत नाही.

त्यात आपली हवा. कोल्हापूरची थंडी फार नसते, असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरतो, दुपारी तिशीला टेकतो. पण पावसाळाभर ओलसर असलेली हवा दिवाळीनंतर, विशेषतः दुपारी, चांगलीच कोरडी होते. त्वचेतून पाणी खेचून घेते ती ही कोरडी हवा. म्हणून "थंडी कुठं पडलीय अजून" म्हणणाऱ्यांच्या नडग्याही नोव्हेंबरातच पांढऱ्या पडलेल्या असतात.

आता काकांचं ते वाक्य. कडक पाणी पडलं की बरं वाटतं, हे खोटं नाही. खूप गरम पाण्याने वेदनेच्या जवळ जाणारी संवेदना होते आणि ती खाजेच्या संवेदनेला दाबून टाकते. काही वेळ खरोखर आराम पडतो. पण त्याच पाण्याने स्निग्ध थर आणखी उघडा पडतो, रक्तवाहिन्या फुलून लाली वाढते, आणि दिवसभर कातडीतलं पाणी उडत राहतं. रात्री अंथरुणाच्या उबेत खाज दुपटीने परत येते. पहाटे पुन्हा कडक पाणी. ज्याला ते औषध समजत होते, तेच रोज सकाळी आजार नव्याने पेटवत होतं. कागदावर हा फेरा काढून दाखवला तेव्हा काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मीच पेटवतोय व्हय बंब?"

काय ठरवलं

भेगांवरच्या लालीला दोन आठवडे मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम दिलं, पातळ थर, फक्त लाल भागावर. लाली उतरल्याशिवाय नुसत्या तेला-मलमाने खाज थांबत नाही. पण तेवढंच देऊन पाठवलं असतं तर काका महिन्याभरात परत आले असते.

आंघोळ बंद करा, असं मी सांगितलं नाही. आंघोळीशिवाय देवाला हात न लावणाऱ्या माणसाला तो सल्ला देणं म्हणजे त्याला उपचारांतून बाहेर काढणं. पाण्याची आंघोळ रोज चालेल, साबणाची नको. साबण काखा, जांघा आणि पावलं एवढ्यापुरता. हात, पाठ, पोट, नडग्या नुसत्या पाण्याने स्वच्छ होतात. निवृत्त माणसाच्या नडगीवर साबणाशिवाय न निघणारं काही नसतं. वज्री नडग्यांना अजिबात नाही. जंतुनाशक बादलीत नाही. संध्याकाळची आंघोळ बंद, वाटलं तर हात-पाय-तोंड धुवायचं. पाच ते दहा मिनिटांत उरकायचं. आणि इसण घालायचं.

इसणावर मात्र अडलं. सेहेचाळीसवरून अडतिसावर एकदम या म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावून घरी जाऊन कडकच घेतलं असतं. म्हणून उतरंड ठरवली: पहिला आठवडा ४२, मग ४०, मग ३८. तापमापक बादलीजवळ टांगायचं. ते नसेल त्या घरात मनगटाच्या आतल्या बाजूवर किंवा कोपरावर पाणी घेऊन बघावं. कोमट लागलं पाहिजे, गरम नाही. राबलेल्या हातांच्या बोटांवर भरवसा ठेवू नये, त्यांना चटका उशिरा कळतो.

साबणाबद्दल मुलाने एक चांगला प्रश्न विचारला: वेष्टनावर टीएफएम लिहितात, तो जास्त असलेला आणला तर चालेल का? टीएफएम म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्यात ६०. नुसतं 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीत ४० टक्केही चालतो. जास्त टीएफएमचा साबण प्रतीने चांगला असतो यात शंका नाही, पण तोही साबणच, अल्कधर्मीच. कोरड्या त्वचेसाठी बघायचं ते सामू ५.५च्या जवळ असलेली, बिनवासाची सिंडेट वडी (दिसायला साबणासारखी, पण साबण नसलेली) किंवा क्लेन्झर. ती महाग पडते. पण तीनच ठिकाणी लावायची असल्यामुळे एक वडी बरेच दिवस पुरते, आणि हा हिशेब घरच्यांना लगेच पटला.

पहिली तीन मिनिटं

सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवला. अंग पंच्याने टिपायचं, घासायचं नाही. कातडी किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, वरून थर द्यायचा. आंघोळीत कातडीने जे पाणी घेतलं ते या थराखाली अडकतं. पूजा आणि चहा झाल्यावर लावलं तर ते पाणी केव्हाच उडून गेलेलं असतं.

थर कशाचा? नडग्यांसाठी साधी पेट्रोलियम जेली. स्वस्त, बिनवासाची, आणि पाणी उडणं थांबवण्यात तिच्या तोडीचं फार थोडं आहे. "चिकाट लागतंय, लेंगा चिकटतोय," ही तक्रार अपेक्षितच होती. म्हणून जेली फक्त नडग्यांना आणि टाचांना, बाकी अंगाला खोबरेल. कोरड्या त्वचेवर व्हर्जिन खोबरेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना फिलिपाइन्समध्ये झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली छापून आले. दोन्ही सारखीच गुणकारी ठरली होती. इथे अडचण एवढीच की २४ अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, आणि थिजलेल्या बाटलीशी झटापट करेपर्यंत तीन मिनिटं निघून जातात. काकूंनी रुंद तोंडाच्या बरणीत तेल काढून ठेवलं. एका पायाला, पावलासकट, साधारण चार ग्रॅम मलम लागतं. बहुतेक लोक याच्या निम्मंही लावत नाहीत.

तेल आंघोळीआधी चोळून मग साबणाने काढून टाकणं ही दिवाळीची पद्धत. त्या चार दिवसांना ती शोभते. रोज तसं केलं, वर उटणं किंवा डाळीचं पीठ चोळलं, तर लावलेलं तेल जातंच, शिवाय अंगचंही जातं. बादलीत तेल टाकण्याचा सल्ला मी म्हाताऱ्या माणसांना देत नाही. त्याने त्वचेला फारसा लाभ होत नाही आणि मोरीची शहाबादी फरशी निसरडी होते. या वयात खाजेपेक्षा मोडलेलं खुब्याचं हाड कितीतरी वाईट.

आणखी एक सावधगिरी, जी फार कमी वेळा सांगितली जाते. पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिनची मलमं कपड्यांत मुरली की तो कपडा आगीजवळ लवकर पेट घेतो. काका स्वतः बंब पेटवतात, शेकोटीपाशी बसतात. म्हणून जेली लावल्यावर आगीजवळ जायचं नाही, लेंगे वरचेवर गरम पाण्यात धुवायचे, आणि बंब पेटवायचं काम मुलाकडे.

पुढे काय झालं

दोन आठवड्यांनी आले तेव्हा भेगा मिटत आल्या होत्या, झोप लागत होती. पाणी ४०वर आलं होतं. स्टेरॉइड थांबवलं. तपासण्यांत थायरॉइड, मूत्रपिंड, रक्त ठीक. साखर मात्र सीमेवर.

संक्रांतीच्या सुमाराला खाज परतली. भोगीच्या आसपास थंडीची लाट आली होती आणि काका पुन्हा वाफाळत्या पाण्याकडे गेले होते. विचारल्यावर कारण कळलं, आणि ते अगदी रास्त होतं. मोरीला वरून झरोका, खालून दगडी फरशी. पहाटे पाचला तिथे ओल्या अंगाने ३८ अंशांच्या पाण्यात हुडहुडी भरते. पाणी कोमट हवं असेल तर मोरी उबदार हवी, आणि यावर कुणी बोलत नाही. मग वेळच बदलली: पहाटे हात-पाय-तोंड धुऊन फिरायला जायचं, आंघोळ नऊनंतर, परसात ऊन आल्यावर. पूजा थोडी उशिरा. ही अट काकूंनी मान्य करून घेतली, मला ते जमलं नसतं. झरोक्याला फळी बसली.

त्याच भेटीत झोपण्याचं विचारलं. उघड्या नडग्यांवर घोंगडं. लोकर खरखरीत, तिचे तंतू कोरड्या कातडीला टोचतात. आता आत सुती चादर, वर घोंगडं, आणि पायांत सैल सुती लेंगा. पाठीची उरलेली खाज त्यानंतर गेली.

मुलाला बोअरच्या पाण्याचा संशय होता. बादलीवर पांढरा थर, साबणाला फेस कमी. पाणी कठीण आहे हे उघड. कठीण पाण्यात साबण नीट धुऊन निघत नाही, हे खरं. म्हणून शेवटचे दोन तांबे महापालिकेच्या नळाच्या पाण्याचे घ्या म्हटलं. पण पाणी मऊ करणारं यंत्र बसवायचा त्याचा विचार मी थांबवला. इसब असलेल्या मुलांच्या घरी अशी यंत्रं बसवून ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, २०११ साली तिचे निष्कर्ष आले, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा यंत्राने जास्त फायदा दिसला नाही. साबणच कमी केल्यावर पाण्याच्या कठीणपणाचा त्रास बराचसा आपोआप घटतो.

फेब्रुवारीच्या अखेरीला नडग्या साफ होत्या, फक्त खाजवलेल्या जागी काळपट डाग. ते उतरायला काही महिने जातील. पुढच्या वर्षी खाजेची वाट न बघता दसऱ्यापासूनच जेली सुरू करायची, असं कागदावर लिहून दिलं आहे.

राहिल्या टाचा. त्यांना भेगा आहेत, आणि तिथली वज्री सोडायला काका तयार नाहीत. साखर सीमेवर असलेल्या माणसाच्या टाचेची भेग मी साधी समजत नाही; तिच्यातून जंतू आत गेले तर पाय सुजायला वेळ लागत नाही. वज्री न वापरता आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवायचे, पंच्याने टिपून युरियाचं मलम लावायचं, रात्री सुती मोजे घालायचे, असं ठरवलं आहे. उघड्या भेगेवर युरिया झोंबतं, म्हणून पहिला आठवडा नुसती जेली. साखर तीन महिन्यांनी पुन्हा बघायची आहे. त्या दिवशी चपला काढून टाचा दाखवायच्या, हे काकूंना वेगळं सांगून ठेवलं आहे.